जीव वाचला, मग आणखी काय हवे?



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपण थोडे घुटमळतो. पौड-पिरंगुटकडची मंडळी बसची वेळ पाहत असतात, हिंजवडी-भूगावकडची तरुण मंडळी गाड्या काढण्याच्या घाईत असतात. तेवढ्यातच एकमेकांची विचारपूस होते. लावणी आटोपली का, मुलांचा निकाल काय लागला, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. या विचारपुशीत लग्न झालेल्या मुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "काय गं, गोड बातमी कधी देणार?"

आता अशी एक भगिनी डोळ्यांपुढे आणू या. ती कोणा एका घरची नाही. आपल्यातल्या कुठल्याही घरची असू शकेल. वय एकतीस. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच स्तनात गाठ लागली. तपासणीत कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाला, डोक्यावरचे केस गेले. आपण सर्वांनी तिच्यासाठी जपमाळ केली, मिस्सा अर्पण केल्या. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हातगुणाने ती बरी झाली. केस परत आले. ती पुन्हा कामावर जाऊ लागली. काही वर्षांनी तिने धीर करून घरात एकदा म्हटले, "मला बाळ हवे आहे." त्यावर सासू म्हणाली, नवरा म्हणाला, तिची स्वतःची आईसुद्धा म्हणाली, "अगं, जीव वाचला ना! मग आणखी काय हवे?"

हे वाक्य प्रेमापोटी बोलले जाते. बोलणाऱ्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढलेल्या असतात. तरीही ते ऐकून ती भगिनी गप्प होते आणि पुन्हा तो विषय काढत नाही. तिचे मागणे खरोखर जास्तीचे आहे का? आज आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू या.

उपचारांनी काय होते?

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या आयुष्यभराच्या बीजांडांचा साठा तिच्या अंडाशयात असतो. पुढे तो वयाबरोबर कमी होत जातो. केमोथेरपीची काही औषधे रोगाच्या पेशींबरोबर या साठ्यावरही घाला घालतात. ओटीपोटाला रेडिएशन दिले तर अंडाशय आणि गर्भाशय दोहोंना इजा होते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असेल तर पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. (हा रोग बऱ्याच अंशी टाळणारी लस २०२३ पासून आपल्या पुण्यातच तयार होऊन बाजारात आली आहे. मुलींच्या आईवडिलांनी तिची जरूर चौकशी करावी.) स्तनाच्या काही कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा वर्षे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी घ्यावी लागते. ती चालू असताना गर्भ राहणे बाळाच्या दृष्टीने धोक्याचे असते. एकतिसाव्या वर्षी गोळी सुरू केलेली स्त्री ती संपेपर्यंत चाळिशीला टेकते. रोगाने जे नेले नाही ते औषधाने आणि काळाने नेले, असे होऊन बसते.

तरीही सगळी दारे बंद होतात असे नाही. उपचारांपूर्वी साधारण दोन आठवड्यांत बीजांडे काढून गोठवून ठेवता येतात. अंडाशयाचा तुकडा काढून गोठवता येतो आणि बरे झाल्यावर तो त्याच स्त्रीच्या शरीरात परत बसवता येतो. अशा रीतीने आई झालेल्या पहिल्या स्त्रीचे बाळ २००४ साली बेल्जियममध्ये जन्मले. केमो चालू असताना अंडाशय विश्रांतीत राहावे म्हणून दर महिन्याला इंजेक्शन देतात. रेडिएशन देण्याआधी अंडाशय बाजूला हलवून ठेवता येते. गर्भाशयाच्या मुखाचा रोग अगदी सुरुवातीचा असेल तर काही वेळा मुख काढून पिशवी राखता येते. यातला कोणता उपाय कोणाला लागू पडेल हे डॉक्टरच सांगू शकतात, आणि यश कोणत्याच उपायात हमखास नाही.

मात्र एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यातल्या बहुतेक उपायांची वेळ उपचार सुरू होण्याच्या आधीची असते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालीच सांगितले की, उपचारांपूर्वी रुग्णाशी या विषयावर बोलावे. आपल्याकडे गाठ सापडली की घरात एकच धावपळ उडते. पुण्यातच दाखवायचे की परळला टाटा हॉस्पिटलमध्ये न्यायचे? पैसे कुठून उभे करायचे? सोबत कोण राहणार? या गडबडीत "तुला पुढे मूल हवे आहे का?" हे विचारायचे राहून जाते. ती स्वतः विचारायला लाजते. मुलगी अविवाहित असेल तर विषयच निघत नाही. आणि दोन-चार वर्षांनी ती विचारते तेव्हा आपण म्हणतो, "जीव वाचला ना!"

मागणे चूक आहे का?

'शिर सलामत तर पगडी पचास' असे आपण म्हणतो. गाठ सापडते त्या दिवशी हे बोलणे खरेच आहे. आधी जीव. पण जीव वाचल्यानंतरही तेच वाक्य ऐकवत राहणे योग्य आहे का?

आपण राहतो त्या मुळशीचाच इतिहास आठवा. १९२१ साली धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. शेवटी धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या, माणसे जगली. पण ज्याचे भाताचे खाचर पाण्याखाली गेले त्याला कोणी म्हटले असते की, "जान वाचली ना, मग जमिनीची कसली आठवण काढतोस?" तर ते त्याला पटले असते का? जे गेले ते खरोखर त्याचे होते, म्हणून त्याला दुःख झाले. जगल्याचा आनंद आणि गमावल्याचे दुःख एकाच घरात, एकाच मनात राहू शकते.

पवित्र शास्त्रातील हन्नाची कथा आपल्याला माहीत आहे. तिला मूल नव्हते. तिचा नवरा एलकाना प्रेमळ होता. तो तिला समजावताना म्हणाला की, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? त्याच्या प्रेमात खोट नव्हती, पण हन्नाचे रडणे त्याने थांबले नाही. पुढे ती मंदिरात गेली आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना करू लागली. तिथे एली याजकाने तिला पाहिले आणि त्याला वाटले की, ही बाई प्यायलेली आहे! घरच्या माणसाने तिची समजूत घातली आणि मंदिरातल्या माणसाने तिला दटावले. तिचे ऐकून घ्यायला मात्र आधी कोणी थांबले नाही. एलीचे मोठेपण इतकेच की, तिने खरे सांगितल्यावर त्याने आपली चूक मान्य केली आणि तिला आशीर्वाद दिला. तिने मागितले म्हणून देवाने तिच्यावर राग धरला, असे त्या कथेत कुठेही नाही.

आम्हांला असे वाटते की, बरी झालेली स्त्री बाळ मागते ते कृतघ्नपणाने नव्हे. आजारात माणूस फक्त उद्याची सकाळ मागतो. बरे वाटू लागले की तो पुढच्या वर्षाचा विचार करतो, घराचा विचार करतो, आपल्यामागे काय राहील याचा विचार करतो. बाळ हवेसे वाटणे हीसुद्धा तिच्या बरे होण्याची एक खूण आहे. आपणच तिच्यासाठी आयुष्य मागितले होते. ते तिला परत मिळाले आणि त्याबरोबर आयुष्याच्या इच्छाही परत आल्या, तर त्यात नवल काय?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बरी झालेल्या प्रत्येक स्त्रीला मूल हवेच असते असे नाही. काहींना शरीराला पुन्हा त्या वाटेने न्यायचे नसते. "वंशाला दिवा हवा" म्हणून अशा सुनेवर दडपण आणणे हाही तेवढाच मोठा अन्याय आहे. इच्छा तिची असली पाहिजे. आणि पाळणा हलला नाही म्हणून ती स्त्री अर्धी ठरत नाही.

बाळाच्या बाजूने

आता एक अवघड प्रश्न. रोग उलटला तर? आईविना पोर मागे राहील हे दिसत असताना त्याला जन्म देणे योग्य आहे का? हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे दबक्या आवाजात विचारतात. तो निर्दयपणाचा नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिले म्हणजे, गरोदरपणाने रोग उलटतो ही समजूत पूर्वीइतकी खरी मानली जात नाही. २०२३ साली एक आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या ५०० हून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांनी दीड ते अडीच वर्षे गोळी घेतली आणि मग बाळासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवली. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के स्त्रियांना मूल झाले. पहिल्या तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के राहिले. ज्यांनी गोळी थांबवली नव्हती अशा तशाच रुग्णांमध्येही ते जवळपास तेवढेच होते. हा रोग बऱ्याच वर्षांनीही डोके वर काढू शकतो, म्हणून पुढील काळाचे उत्तर मिळायचे आहे. प्रत्येकीचा रोग वेगळा, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कोणीही थांबवू नये.

दुसरे म्हणजे, पुढच्या आयुष्याची हमी कोणत्या आईबापाला आहे? पौड रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कोणत्या बापाला आहे? आपण हमी पाहून मुले जन्माला घालत नाही. पण म्हणून विचारच करायचा नाही, असेही नाही. उद्या वेळ आलीच तर बाळाला कोण पाहील? नवऱ्याची तयारी आहे का? आजी, मावशी, काका यांची साथ आहे का? रोग घराण्यात चालत आलेला असेल तर त्याची तपासणी करून घेतली आहे का? हे प्रश्न नवरा-बायकोने एकत्र बसून विचारावेत आणि आपण नातेवाइकांनी त्यांतल्या काहींचे उत्तर व्हावे. "आम्ही आहोत" असे म्हणणारी माणसे जितकी जास्त, तितका त्या बाळाचा पाया भक्कम.

मार्ग कोणता?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला आणि घरोघरी त्याची चर्चा झाली. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, व्हॅटिकनने 'डोनुम वीते' हा दस्तऐवज काढला. पतिपत्नीच्या मीलनाची जागा घेणारी पद्धत ख्रिस्तसभा स्वीकारत नाही, आणि त्या पद्धतीत गर्भ गोठवले जातात, टाकले जातात, हा तिचा मोठा आक्षेप आहे. २००८ च्या 'डिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात प्रयोगशाळेतील गर्भधारणेसाठी बीजांडे गोठवण्यालाही हाच नियम लावला आहे. मीलनाला मदत करणारे उपचार मात्र ती मान्य करते. अंडाशयाला इजेपासून वाचवणे, रोगाचे उपचार शक्य तेवढे सौम्य निवडणे यांत अडचण नाही. स्वतःच्याच अंडाशयाचा तुकडा परत बसवून नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहण्याकडेही काही कॅथलिक नीतितज्ज्ञ अनुकूलतेने पाहतात.

ही शिकवण कर्करोग झालेल्या स्त्रीला जड जाते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जिच्यापुढे दोनच आठवडे आहेत, तिला आपण "थांब, विचार कर" असे सांगत असतो. म्हणून तिच्याशी बोलताना कायद्याचे कलम वाचून दाखवल्यासारखे बोलू नये. फादरांशी आणि डॉक्टरांशी तिला निवांत बोलता यावे, एवढे आपण पाहावे. आणि ज्यांनी दुसरा मार्ग धरला त्यांच्या बाळाकडे बोट दाखवू नये. बाळ कोणत्याही मार्गाने आलेले असो, ते देवाची देणगी आहे आणि त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी नाही, हेही ख्रिस्तसभेनेच सांगितले आहे.

येथे संत जान्ना बेरेत्ता मोल्ला यांचे नाव अनेकदा घेतले जाते. २००४ साली त्यांना संतपद मिळाले. त्या स्वतः डॉक्टर होत्या. गरोदरपणात त्यांच्या गर्भाशयात गाठ निघाली. ती कर्करोगाची नव्हती. बाळाचा जीव राखून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि १९६२ साली मुलीच्या जन्मानंतर आठवडाभरात त्या देवाघरी गेल्या. त्यांचे प्रेम थोर आहे. पण त्यांचे उदाहरण पुढे करून कोणा आजारी स्त्रीला "तूही जीव धोक्यात घाल" असे सुचवणे बरोबर नाही. गर्भवतीच्या जीवघेण्या रोगावर आवश्यक उपचार करण्यास ख्रिस्तसभा मनाई करत नाही, मग त्यातून बाळाला इच्छा नसताना इजा झाली तरीही. त्याग स्वतःहून करायचा असतो. तो दुसऱ्याने मागायचा नसतो.

उरतो दत्तकाचा मार्ग. आपल्या समाजाला तो कायद्याने फार उशिरा मोकळा झाला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक म्हणून नेमले जाई. मूल घरात वाढे, पण कायद्याने पोटचे होत नसे. २००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निर्णय देताना म्हटले की, अनाथ बालकाला कुटुंब आणि नाव मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे बालन्याय कायद्याने आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कोणत्याही धर्माच्या दांपत्याला दत्तक घेण्याची वाट स्पष्ट झाली. न्यायालयाने प्रश्न बालकाच्या बाजूने पाहिला, हे ध्यानात घ्या. ख्रिस्तसभाही हेच सांगते की, मूल हा आईबापांचा हक्क नव्हे. हक्क असतात ते मुलाचे.

दत्तकाच्या नियमांत एक अट आहे की, पालकांना जीवघेणा आजार नसावा. ही अट ऐकून पुष्कळ भगिनी परत फिरतात. पण कर्करोगातून बऱ्या झालेल्यांना सरसकट मनाई आहे असे त्यात म्हटलेले नाही. प्रकृतीबद्दल डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' या यंत्रणेमार्फत होते आणि पुण्यात ससूनच्या आवारातील 'श्रीवत्स'सारखी संस्था वर्षानुवर्षे हे काम करत आली आहे. लहान बाळासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. थोडी मोठी झालेली मुले मात्र स्वतःच कोणाची तरी वाट पाहत असतात. एक पथ्य पाळावे : दुःख ताजे असताना "दत्तक घे ना, त्यात काय!" असे म्हणू नये. दत्तक मूल म्हणजे गमावलेल्या बाळाची भरपाई नव्हे. ते त्याच्या स्वतःच्या पायांनी घरात येते.

आपण काय करायचे?

काही भगिनींना यांतला कोणताच मार्ग लाभणार नाही. जे बाळ कधी आलेच नाही त्याच्यासाठी दफनविधी नसतो, महिन्याची मिस्सा नसते, भेटायला येणारी माणसे नसतात. हे दुःख ती एकटी वाहते. म्हणून चार साध्या गोष्टी आपण कराव्यात असे आम्ही सुचवतो.

चर्चच्या आवारात "गोड बातमी कधी?" हा प्रश्न विचारणे बंद करावे. सांगण्यासारखे असेल तेव्हा ती स्वतः सांगेल.

घरात किंवा शेजारी कोणा तरुण मुलीला, अगदी अविवाहित मुलीलाही, कर्करोगाचे निदान झाले तर सोबत जाणाऱ्याने उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारावे : "हिला पुढे मूल होण्याच्या दृष्टीने काही करता येईल का?" एवढे एक वाक्य. ती लाजत असेल, आपण लाजू नये.

मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणे, मुलाला दुसऱ्या संसाराचे सुचवणे हे आपल्या घरांत होऊ देऊ नये. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात, असे वचन वेदीपुढे दिलेले असते.

आणि मे महिन्यात आपण मिस्सेनंतर आयांना उभे करून फुले देतो, तेव्हा बाकावर बसून राहणाऱ्या भगिनींकडे एकदा पाहावे. सर्वच स्त्रियांना फूल दिले तर काय बिघडेल?

ती भगिनी पुढच्या वेळी "मला बाळ हवे आहे" असे म्हणेल तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. तिच्याजवळ बसा आणि तिचे सगळे बोलणे होऊ द्या. मग ठरवू काय करायचे ते.